काचघर आणि हरितगृह

इंग्रजी भाषेत 'ग्लासहाऊस' आणि 'ग्रीनहाऊस' असे दोन शब्द आहेत. रोपे वाढविण्यासाठी उभारलेल्या, आत प्रकाश येऊ देणाऱ्या वास्तूला हे दोन्ही शब्द लावले जातात आणि सामान्य वाचक त्यांना जुळी भावंडे समजून चालतो. मराठीने तर त्याहीपुढे एक पाऊल टाकले. तिने दोघांनाही एकाच नावाने हाक मारली : 'हरितगृह'. पाठ्यपुस्तकात, वर्तमानपत्रात, सरकारी योजनेच्या कागदात, या दोहोंपैकी कोणताही शब्द इंग्रजीतून आला की त्याच्या जागी आपल्याला बहुधा 'हरितगृह'च भेटते.

आम्ही आयुष्याची चौतीस वर्षे शाळेत भाषा शिकविण्यात घालविली. त्या काळात एक गोष्ट आमच्या पुनःपुन्हा ध्यानात आली. भाषा एकाच कामासाठी दोन शब्द फार काळ पोशीत नाही. पोसलेच, तर त्यांच्यात कामाची वाटणी करून देते. म्हणून जेथे दोन सारखे शब्द शेजारी शेजारी नांदताना दिसतील, तेथे त्यांच्यामधले कुंपण कोठे आहे ते शोधावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू. या दोन शब्दांमधले कुंपण आम्ही प्रथम केवळ कुतूहलापोटी शोधले. पुढे त्याच कुंपणापाशी आमच्या परिचयातील एका कुटुंबाच्या जमिनीचा प्रश्न येऊन उभा राहिला. तेव्हा शब्दांची ही चौकशी अगदीच रिकामटेकडी नव्हे, असे वाटले. ती वाचकांपुढे मांडण्याचे हेच कारण.

प्रथम व्याकरणाची वाट धरू. 'हरितगृह' या सामासिक शब्दाचा विग्रह करावयास सांगितला, तर बहुतेक विद्यार्थी 'हरित असे गृह' असा करतात आणि कर्मधारय समास म्हणून मोकळे होतात. शब्दाकडे पाहिले तर त्यांना दोष देता येत नाही. 'नीलकमल' हे निळे कमळ, तर 'हरितगृह' हे हिरवे घर का नसावे? परंतु मूळ इंग्रजी शब्दात 'ग्रीन' हे घराचे विशेषण नाही. ते नाम आहे. सतराव्या शतकातील इंग्रज माळी बारमाही हिरव्या राहणाऱ्या झाडांना 'ग्रीन्स' म्हणत असत. संत्रे, लिंबू, मर्टल अशी ती नाजूक झाडे. त्या हिरव्या झाडांसाठी बांधलेले घर ते ग्रीनहाऊस. क्रीडेसाठी अंगण ते क्रीडांगण, पोळीसाठी पाट तो पोळपाट, त्याच जातीचा हा तत्पुरुष समास. इंग्रज माणूस हा भेद उच्चारानेही पाळतो. रोपांच्या घराविषयी बोलताना तो पहिल्या पदावर जोर देतो. हिरव्या रंगाने रंगविलेल्या घराविषयी बोलायचे असेल, तर दोन पदे वेगळी ठेवून दुसऱ्यावरही वजन टाकतो. मराठीच्या लेखणीत असा जोर उमटत नाही. त्यामुळे आपल्या वाचकाला शब्दाचा रंग तेवढा दिसतो, त्यातला रहिवासी दिसत नाही.

'ग्लासहाऊस' या शब्दाचा विग्रह आज 'काचेने बांधलेले घर' असा होतो. आमची 'पुरणपोळी' ज्या मध्यमपदलोपी समासात बसते, त्याच पंगतीत हा शब्दही बसतो. म्हणजे दोन शब्दांतील पहिला भेद असा की, एक शब्द घराच्या भिंतीकडे पाहून पडला आहे, दुसरा घरात राहणाऱ्या जिवाकडे पाहून. आपल्याकडेही घरांना अशी दुहेरी नावे आहेत. 'कौलारू घर' म्हटले की छपराची जात कळते, आत कोण राहते ते कळत नाही. 'देवघर' म्हटले की आत कोण आहे ते कळते, पण ते लाकडाचे की संगमरवराचे हे विचारावे लागते. 'कौलारू घर' आणि 'देवघर' यांना कोणी एकच शब्द वापरला तर आपण हसू. 'ग्लासहाऊस' आणि 'ग्रीनहाऊस' यांच्या बाबतीत मात्र आपण हसत नाही, कारण ती घरे आपल्या अंगणातली नव्हेत.

या शब्दांचा इतिहास त्यांच्या व्याकरणाहून अधिक रंजक आहे. आज आपण ग्रीनहाऊस म्हटले की पारदर्शक छताची वास्तू डोळ्यांपुढे आणतो. पण इंग्लंडमधील आरंभीच्या ग्रीनहाऊसांना काचेचे छप्परच नसे. जाड विटांच्या भिंती, वर पक्के छप्पर आणि दक्षिणेकडे उंच खिडक्यांची रांग, असे त्यांचे रूप. झाडे लाकडी कुंड्यांत लावलेली असत. उन्हाळ्यात ती बागेत मांडायची आणि थंडी पडू लागली की या घरात आणून ठेवायची. झाडाने तेथे वाढावे अशी अपेक्षा नव्हती. त्याने हिवाळा निभावून न्यावा एवढीच होती. जॉन एव्हलिन या बागप्रेमी लेखकाच्या १६६४ सालच्या लेखनात 'ग्रीनहाऊस' हा शब्द आढळतो. याच एव्हलिनने १६८५ साली चेल्सी येथील औषधी वनस्पतींची बाग पाहिली आणि तेथे झाडांच्या घराला जमिनीखालून ऊब देण्याची जी योजना होती, तिची नोंद आपल्या रोजनिशीत केली. राणी ॲनसाठी केन्सिंग्टन राजवाड्याच्या आवारात १७०४-०५ साली अशीच एक देखणी विटांची वास्तू उभारण्यात आली. हिवाळ्यात तीत संत्र्याची झाडे राहत आणि उन्हाळ्यात ती बाहेर गेली की राणीच्या मेजवान्या झडत. क्यू येथील बागेत विल्यम चेंबर्सने १७६१ साली संत्र्यांसाठी बांधलेल्या घरात प्रकाशच इतका कमी पडे की संत्र्यांना ते मानवले नाही. थोडक्यात, काचेचे छत नसलेले ग्रीनहाऊस ही त्या काळी नित्याची गोष्ट होती.

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. 'ग्लासहाऊस' हा शब्दही जुनाच, पण त्याचा झाडांशी काडीचाही संबंध नव्हता. जेथे काच तयार होते तो कारखाना म्हणजे ग्लासहाऊस. इंग्रज वसाहतवाल्यांनी अमेरिकेतील जेम्सटाऊन येथे १६०८ साली काच बनविण्याची भट्टी घातली, तिला ग्लासहाऊस हेच नाव आहे. लंडनमध्ये पिकॅडिली सर्कसजवळ 'ग्लासहाऊस स्ट्रीट' नावाचा रस्ता आजही आहे. त्याचे नाव एका काचकारखान्यावरून पडले, फुलझाडांवरून नव्हे. अशा कारखान्यांच्या विटांच्या प्रचंड शंकूसारख्या वास्तू इंग्लंडात काही ठिकाणी अजून उभ्या आहेत. यॉर्कशरमधील कॅटक्लिफ येथील शंकू १७४० सालचा आहे. आत धगधगती भट्टी, घामाने निथळणारे कारागीर आणि वर धूर. हिरवे पान तेथे औषधालाही मिळू नये.

म्हणजे पाहा, एका शब्दात हिरवी झाडे होती पण काचेचे छत नव्हते, आणि दुसऱ्या शब्दात काच होती पण झाडे नव्हती. या दोन शब्दांचा संसार परस्परांपासून इतक्या दूर सुरू झाला. त्यांना एकत्र आणले ते तीन गोष्टींनी : लोखंडाने, कोळशाने आणि एका कराच्या मृत्यूने.

इंग्लंडात १७४५ साली काचेवर वजनाच्या हिशेबाने कर बसविण्यात आला होता. वजनावर कर म्हटल्यावर काच महाग झाली आणि काचेचे संपूर्ण छत ही केवळ धनवंतांची हौस राहिली. डेव्हनशरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील बागेत जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने १८३६ ते १८४० या काळात काचेचे एक अवाढव्य घर उभारले. त्याचे नाव मात्र ना ग्लासहाऊस ना ग्रीनहाऊस. त्याला म्हणत 'ग्रेट स्टोव्ह'. आमच्या वाचकांना रॉकेलच्या स्टोव्हची आठवण होऊन हसू येईल, पण नाव रास्त होते. उष्ण प्रदेशातील झाडांसाठी ज्या घरात हिवाळाभर विस्तव ठेवावा लागे, त्याला इंग्रज माळी स्टोव्हच म्हणत. नुसता निवारा दिला जाई ते ग्रीनहाऊस, विस्तव दिला जाई तो स्टोव्ह. नाव घेताच आत काय चालते आणि खर्च किती येतो, दोन्ही कळे.

१८४५ साली काचेवरील कर रद्द झाला. त्याच सुमारास, १८४४ ते १८४८ या काळात, क्यू येथे डेसिमस बर्टन आणि रिचर्ड टर्नर यांनी ताडमाडांसाठी लोखंड व काचेचे 'पाम हाऊस' उभे केले. त्याची लांबी सुमारे ३६२ फूट आहे. गंमत अशी की, उन्हाने पाने करपू नयेत म्हणून त्याला आरंभी किंचित हिरवट छटेची काच बसविण्यात आली होती. तेव्हा 'हरित असे गृह' हा आमच्या विद्यार्थ्यांचा विग्रह जगात निदान एका वास्तूला तरी अक्षरशः लागू पडला होता, असे म्हणावयास हरकत नाही! पुढे १८५१ साली त्याच पॅक्स्टनने लंडनच्या हाइड पार्कमध्ये जागतिक प्रदर्शनासाठी 'क्रिस्टल पॅलेस' बांधला. त्याला सुमारे ३ लाख तावदाने लागली आणि तेथील उंच एल्म वृक्ष न तोडता छताखाली सामावून घेण्यात आले. हा काचमहाल नंतर सिडनहॅम येथे हलविण्यात आला आणि १९३६ साली आगीत भस्मसात झाला. त्याची आठवण आपल्या देशातही आहे. बंगळूरच्या लालबागेत १८८९ साली ज्याची पायाभरणी झाली ते 'ग्लास हाऊस' याच महालावरून सुचलेले. तेथे पुष्पप्रदर्शने भरतात. बंगळूरच्या हवेत झाडांना उबेसाठी काचेची गरज कधीच नव्हती. तेव्हा ते खरोखरच काचेचे घर, हरितांचे गृह नव्हे.

काच स्वस्त झाली, लोखंडाचे सांगाडे हलके झाले आणि विटांची ग्रीनहाऊसे मागे पडली. झाडांची घरे आता काचेचीच होऊ लागल्याने 'ग्लासहाऊस' हा शब्द भट्टीकडून बागेकडे आला आणि दोन शब्द प्रथमच एका वास्तूच्या दारात समोरासमोर उभे राहिले. तेव्हा भाषेने आपला नेहमीचा न्याय केला. इंग्लंडमध्ये आज घरामागच्या परसात टोमॅटोच्या चार रोपांसाठी जे छोटे घर असते, त्याला लोक ग्रीनहाऊस म्हणतात. एकरा-एकरांवर पसरलेल्या, भाजी किंवा फुले बाजारासाठी पिकविणाऱ्या काचेच्या वास्तूला धंद्यातील माणसे ग्लासहाऊस म्हणतात. क्यूसारख्या मोठ्या उद्यानांतही हाच शब्द चालतो. प्लॅस्टिकचा कागद ताणून केलेल्या घराला मात्र ग्लासहाऊस म्हणता येत नाही, कारण शब्दच काचेची साक्ष मागतो. ग्रीनहाऊस या शब्दाला अशी अट नाही. त्याचे लक्ष आतल्या झाडाकडे असल्याने काच असो, प्लॅस्टिक असो, तो सर्वांना सामावून घेतो. अमेरिकेत तर झाडांच्या सर्वच पारदर्शक घरांना बहुधा ग्रीनहाऊस हा एकच शब्द चालतो. इंग्रज सैनिकाला मात्र ग्लासहाऊस म्हटले की वेगळीच धडकी भरे. ऑल्डरशॉट येथील लष्करी कैदखान्याला काचेचे छत होते. त्यावरून तेथील सैन्यात कोणत्याही लष्करी तुरुंगाला हेच नाव पडले.

एवढा भेद असूनही आपले फारसे बिघडले नसते, जर 'हरित' हा शब्द मराठीत इतका गुणी नसता. आम्हा वसईकरांच्या कानाला तर तो विशेष गोड. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई' वाचविण्यासाठी जी चळवळ झाली, तिच्यामुळे 'हरित' म्हणजे वाडी, बावखल, झाडांची सावली आणि स्वच्छ हवा असेच समीकरण आमच्या मनात बसले आहे. हरितक्रांती म्हणजे धान्याची समृद्धी, हरित ऊर्जा म्हणजे निर्मळ ऊर्जा. अशा शब्दाला वाईट अर्थ चिकटवायचा तर मन कचरते. एकदा आठवीच्या वर्गात पर्यावरणावरील पाठ चालू असताना एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, हरितगृह वायू हिरवेगार असतील, तर ते घातक कसे?" वर्ग हसला. आम्हांला हसू आले नाही. तिने शब्दाला विचारण्याजोगा प्रश्न विचारला होता.

तिला आम्ही सांगितले की, येथे हिरवेपणाचा काही संबंध नाही, बंद घरात साचणाऱ्या उबेचा आहे. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या बंद काचांआड बसून पाहा, म्हणजे कळेल. हे उत्तर तिला पटले. 'काचघर परिणाम' असा शब्द रूढ असता तर तिला बहुधा प्रश्नच पडला नसता. अर्थात या उपमेतही एक मेख आहे आणि ती आम्ही मोठ्या वर्गातील मुलांना सांगत असू. फ्रान्सच्या फूरिए या गणितज्ञाने १८२४ साली वातावरणाच्या उबेचा विचार मांडला. टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ साली हवेतील काही वायू उष्णता शोषून धरतात हे प्रयोगाने दाखविले. काचेच्या घराची उपमा लोकांच्या तोंडी रुळली ती विसाव्या शतकात. पण १९०९ साली आर. डब्ल्यू. वूड या अमेरिकी शास्त्रज्ञाने दोन पेट्या घेतल्या. एकीवर काच बसविली आणि दुसरीवर उष्णतेचे किरण आरपार जाऊ देणाऱ्या सैंधवाची तबकडी. दोन्ही पेट्यांच्या तापमानात फारसा फरक पडला नाही. म्हणजे रोपांच्या घरातील ऊब मुख्यतः आतील तापलेली हवा कोंडून राहते म्हणून टिकते. वातावरणाची गोष्ट वेगळी. तेथे वायू उष्णतेचे किरण अडवितात. फ्रेंच लोक अशा घराला 'सेर' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ कोंडून ठेवण्याच्या क्रियापदात आहे. घराच्या गुणधर्माच्या सर्वांत जवळ जर कोणता शब्द गेला असेल, तर तो हाच.

इथवर जे लिहिले ते भाषेच्या अभ्यासकाचे समाधान. आता त्या जमिनीची गोष्ट.

२०१९ साली पावसाळा संपल्यावर आमचा एक जुना विद्यार्थी आमच्याकडे आला. वडिलांच्या पश्चात वाडी तोच पाहतो. केळी, मोगरा, थोडी भाजी. त्याच्या हाती एका विक्रेत्याने दिलेले कोटेशन आणि माहितीपत्रक होते, मूळ इंग्रजीत आणि सोबत मराठी भाषांतरासह. अर्ध्या एकरावर हरितगृह उभारावे, त्यात रंगीत ढोबळी मिरची घ्यावी, उत्पन्न इतके येईल, कर्ज इतक्या वर्षांत फिटेल, असा सारा हिशेब त्यात मांडलेला होता. कर्जासाठी वाडीच्या सातबाऱ्यावर बोजा चढणार होता. त्याची पत्नी आणि वृद्ध आई दोघीही घाबरल्या होत्या. "सर, आकडे तर चांगले दिसतात. तुम्ही एकदा इंग्रजी वाचून सांगा," एवढेच तो म्हणाला.

आम्ही शेतीतले जाणकार नव्हे. इंग्रजी तेवढे वाचता येते. म्हणून ते दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीने वाचू लागलो. कोटेशनच्या आरंभी जी वास्तू बांधून द्यावयाची होती, तिला 'ग्रीनहाऊस' म्हटले होते. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर २०० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद, म्हणजे आपल्याकडे ज्याला शेतकरी सरळ पॉलिहाऊस म्हणतात ते. पुढे उत्पन्नाचे कोष्टक आले. त्याच्या मथळ्यावर शब्द होता 'ग्लासहाऊस'. चौरस मीटरला किती किलो मिरची येते ते आकडे हॉलंडमधील काचघरांतले होते, तसे बारीक अक्षरांत लिहिलेही होते. मराठी भाषांतरात दोन्ही ठिकाणी एकच शब्द होता, 'हरितगृह', आणि बारीक अक्षरांतील ओळ गळलेली होती.

"सर, मराठीत तर दोन्हीकडे हरितगृहच लिहिलंय," तो म्हणाला.

"म्हणूनच विचारतो," आम्ही म्हणालो, "हे आकडे ज्या घरातले आहेत, ते घर तुला कोणी बांधून देतोय का?"

तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला.

मग आम्ही दोघांनी मिळून हॉलंडच्या काचघरात काय चालते ते समजून घेतले. तेथे थंडी असते म्हणून काच लागते. गॅसच्या बॉयलरने घर उबदार ठेवतात आणि त्याच बॉयलरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड रोपांना पुरवितात, कारण त्याने वाढ जोमाने होते. रोपे मातीत नसतात. ती खडकापासून काढलेल्या लोकरीसारख्या तंतूंच्या गाद्यांवर वाढतात आणि दोऱ्यांच्या आधाराने उंच उंच नेली जातात. पीक वर्षातील बहुतेक महिने चालते. काच वर्षानुवर्षे टिकते, प्लॅस्टिकचा कागद तीन-चार वर्षांत बदलावा लागतो. ज्या घरातले ते आकडे होते ते घर म्हणजे भिंती, बॉयलर, वायू आणि थंड हवा यांचे मिळून झालेले एक यंत्र होते. भाषांतरात त्यातला फक्त आकडा समुद्र ओलांडून आला होता.

आणि आला कोठे, तर वसईच्या किनाऱ्यावर! येथे झाडाला ऊब कमी पडते अशी तक्रार कोणी ऐकली आहे? आमच्याकडे प्रश्न उन्हाच्या तापाचा, दमटपणाचा आणि मुसळधार पावसाचा. मावळातील थंड, मोकळ्या हवेत पॉलिहाऊसांनी गुलाब आणि जरबेराचे मळे फुलविले, हे खरेच आहे आणि त्याचे कौतुकही आहे. पण पाण्याने भिजविलेल्या पडद्यांतून पंख्याने हवा ओढून घर थंड करण्याची युक्ती कोरड्या हवेत जशी चालते तशी समुद्राकाठच्या दमट हवेत चालत नाही, कारण आधीच भिजलेली हवा आणखी पाणी कितीसे उचलणार? आमच्या आज्या-पणज्यांना हे पुस्तक न वाचता ठाऊक होते. पानमळ्यातील नाजूक वेलींना त्यांनी कोंडून ठेवले नाही. झाडांच्या सावलीत आणि ओलाव्यात वाढविले. हरितांसाठी निवारा तोही होता, फक्त त्याला भिंत नव्हती.

आमच्या विद्यार्थ्याने विक्रेत्याला तीन प्रश्न लिहून पाठविले. प्लॅस्टिकच्या घरातील उत्पन्नाचे आकडे कोठे आहेत? ते कोकणपट्टीतील आहेत काय? आणि मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत आतील हवेचे काय करावयाचे? विक्रेता दोनदा येऊन गेला, चहा घेऊन गेला, आकडे पाठवितो म्हणाला. आकडे आले नाहीत. त्याच्यावर आम्ही लबाडीचा आरोप करीत नाही. त्याच्या इंग्रजी कागदातला प्रत्येक शब्द आपापल्या जागी खरा होता. खोटेपणा शिरला तो भाषांतरात, आणि तोही बहुधा कोणाच्या मनात नसताना. कोणीतरी शब्दकोश उघडला, दोन शब्दांपुढे एकच प्रतिशब्द पाहिला आणि लिहून टाकला. त्या एका प्रतिशब्दाची किंमत अर्ध्या एकराची वाडी होऊ शकली असती.

त्याने कर्ज काढले नाही. घरच्या शिलकीतून पाच गुंठ्यांवर शेडनेट उभारले आणि अँथुरियम व ऑर्किडची लागवड केली. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा जाळी फाटली आणि चार खांब वाकले. ते त्याने आणि त्याच्या मेहुण्याने मिळून आठवड्याभरात उभे केले. तो काही श्रीमंत झाला नाही. नाताळाच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत फुलांना भाव येतो, एरवी बेताचा. परंतु सातबारा कोरा आहे आणि त्याची आई रात्री झोपते. अधिक काय हवे?

या प्रकारानंतर भाषांतराचे काम करणाऱ्या काही मित्रांशी आमची चर्चा झाली. कोणी म्हणाले, 'हरितगृह' हा शब्दच टाकून द्यावा. आमचे मत तसे नाही. रुळलेला शब्द हा वापरातल्या पायवाटेसारखा असतो, तो कोणाच्या फर्मानाने बंद होत नाही. 'हरितगृह' राहू द्यावे, कारण इंग्रजीतील ग्रीनहाऊससारखाच तोही आतल्या झाडाकडे पाहणारा, सर्वसमावेशक शब्द आहे. पण मूळ शब्द ग्लासहाऊस असेल तेथे 'काचघर' किंवा 'काचगृह' असेच लिहावे. शेतकऱ्याने स्वीकारलेले 'पॉलिहाऊस' आणि 'शेडनेट' हे शब्द परके म्हणून नाके मुरडू नयेत. ते भिंतीची जात स्पष्ट सांगतात आणि पैसे भिंतीलाच मोजावे लागतात. ज्या कागदात उत्पन्नाचा आकडा असेल, त्यात तर घर कशाचे, कोठले आणि कोणत्या हवेतले, हे सांगितल्याखेरीज नुसते 'हरितगृह' लिहून थांबूच नये.

काचेच्या घरात राहणाऱ्याने दुसऱ्यावर दगड फेकू नये, ही म्हण इंग्रजीतही आहे आणि मराठीतही रुळली आहे. भाषांतर करणाऱ्या सर्वांचेच घर काचेचे असते. आम्हीही त्याच आळीत राहतो. म्हणून दगड उचलण्याचा आमचा विचार नाही. एवढीच विनंती आहे की, परभाषेतील दोन शब्द दारात आले, तर त्यांना एकाच चटईवर बसविण्यापूर्वी दोघांनाही त्यांचे गाव आणि त्यांचा धंदा विचारावा. त्यांतला एखादा आपल्या शेजाऱ्याच्या जमिनीची मोजणी करायला आलेला असू शकतो.